अमेरिकन केबल न्यूज आणि बेपत्ता माणसं: एकाच केसवर महिनोन् महिने का?

गवाक्ष

अलाबामाची तरुणी नॅटली हॉलोवे ३० मे २००५ ला अरुबा बेटावरून बेपत्ता झाली. त्यानंतर कित्येक महिने फॉक्स, एमएसएनबीसी आणि हेडलाइन न्यूजच्या प्राइम टाइममध्ये अरुबाशिवाय पान हलत नव्हतं. नोव्हेंबरात तर अलाबामाच्या गव्हर्नरनी अरुबावर पर्यटन बहिष्काराचं आवाहन केलं. २०१४ मध्ये सीएनएनला अख्खं बेपत्ता विमानच मिळालं (एमएच ३७०). २०२१ मध्ये व्हॅनमधून फिरताना बेपत्ता झालेली गॅबी पेटीटो.

एफबीआयच्या एनसीआयसी या देशभरच्या पोलीस नोंदींच्या डेटाबेसात २०२२ या एका वर्षात बेपत्ता व्यक्तींच्या ५ लाख ४६ हजारांवर नोंदी झाल्या. केबलला त्यातल्या वर्षाकाठी दोन-चार पुरतात. 'लोकांना आवडतं म्हणून दाखवतात' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. निवड नेमकी कशी होते? आणि ज्याची निवड झाली, ते माणूस सापडायला त्याने हातभार लागतो का?

आतलं कामकाज माहीत असणाऱ्यांनी लिहावं. 'मीडिया विकला गेलाय' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

बोकोबा

मीडिया विकला गेलाय.

(कोणीतरी लिहिणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.)

रनडाउन

बोकोबांनी उद्घाटन केलंच आहे, तर हिशोबापासून सुरू करतो.

प्राइम टाइमच्या एका तासात जाहिराती वजा जाता साधारण ४२ ते ४५ मिनिटं भरायची असतात. ती पाच-सहा ब्लॉकमध्ये तुटतात. परदेशातल्या युद्धाचा एक ब्लॉक करायचा तर क्रू, फिक्सर (तिथला स्थानिक मदतनीस), विमा, सुरक्षा, उपग्रहाचा वेळ असा सगळा लवाजमा लागतो. बेपत्ता केसच्या ब्लॉकला एक चांगला फोटो, घरच्या समारंभाचा ३० सेकंदांचा व्हिडिओ, घराबाहेर उभा एक सॅटेलाइट ट्रक आणि चौकटींत बसवायला तीन पाहुणे पुरतात. निवृत्त एफबीआय प्रोफाइलर, बचाव पक्षाचा वकील, मानसतज्ज्ञ. चॅनेलशी करार असलेले काही सोडले तर हे लोक पैसे न घेता येतात, कारण पडद्यावर नावाखाली पुस्तकाचं नाव येतं.

दुसरी गोष्ट रेटिंगची. नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपनीचे आकडे प्रोड्युसरच्या हाती दुसऱ्या दिवशी दुपारी पडतात, आणि तेही पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. जाहिरातदाराला हवा असलेला २५ ते ५४ वयोगट वेगळा दिसतो. अरुबाच्या ब्लॉकला रेष वर आणि इराकच्या ब्लॉकला खाली दिसली की त्या रात्रीचा रनडाउन (बातम्यांचा क्रम) ठरवायला बैठक लागत नाही.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: उत्तर मिळालं की बातमी कोर्टाच्या तारखांवर चालते. मग ती महिन्यातून एकदा हलते. माणूस बेपत्ता असेपर्यंत 'काय घडलं असेल' हा प्रश्न रोज रात्री नव्या पाहुण्यांना विचारता येतो. म्हणून बातमीत नवीन काही नसणं हा या कार्यक्रमांना अडथळा वाटत नाही. 'ब्रेकिंग' ची पट्टी मात्र लावायची. श्वानपथक तळ्याकडे गेलं, परत आलं, दोन्ही ब्रेकिंग.

चौकस काकू

रनडाउन, स्वस्त पडतं म्हणून बेपत्ता केसेस दाखवतात हे पटलं. पण सगळ्याच केसेस स्वस्त असतात की! फोटो प्रत्येकाचा असतो. मग पडद्यावर ठरावीकच चेहरे का?

पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये वॉशिंग्टनला पत्रकारांच्या युनिटी परिषदेत याला 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' म्हटलं. तेव्हापासून तो शब्दप्रयोग रूढ झाला. झॅक सोमर्स यांनी २०१६ च्या अभ्यासात चार वृत्तस्थळांवरच्या बातम्या एफबीआयच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. त्यात दोन पायऱ्या वेगळ्या मोजल्यात, तेच मला महत्त्वाचं वाटतं. पहिली, बातमी मुळात येते का. दुसरी, आली तर किती वेळा येते. कृष्णवर्णीय बेपत्तांना दोन्ही ठिकाणी फटका बसतो. गोऱ्या स्त्रियांचा वाटा दुसऱ्या पायरीवर आणखी फुगतो. म्हणजे 'आम्ही दाखवली होती की ती केस' म्हणणारा संपादक खोटं बोलत नसतो. त्याने एकदा दाखवलेली असते.

२००५ च्याच जुलैत फिलाडेल्फियातून २४ वर्षांची एक गरोदर स्त्री बेपत्ता झाली. अरुबा जोरात चालू होतं. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी केबलच्या अँकरांना पत्रं लिहून बोंब ठोकली, तेव्हा कुठे राष्ट्रीय वाहिन्या तिकडे वळल्या. ऑगस्टमध्ये तिचा मृतदेह सापडला.

दस्तऐवज

धाग्यातला ५ लाख ४६ हजारांचा आकडा बरोबर आहे, पण तो नोंदींचा आहे, माणसांचा नाही. एकच मुलगा वर्षात चार वेळा घरातून पळाला तर चार नोंदी. बहुसंख्य नोंदी अल्पवयीनांच्या असतात आणि बहुतेक पुढे रद्द होतात, कारण माणूस सापडतं किंवा स्वतःच परत येतं. २०२२ च्या अखेरीस चालू असलेल्या नोंदी ९७ हजारांच्या आसपास होत्या. त्यात मागच्या कित्येक वर्षांच्या जुन्या केसेसही आल्या.

केबलवर दिसणारा प्रकार, म्हणजे अनोळखी माणसाने उचलून नेणं, हा तर अगदी विरळा. लहान मुलांपुरतं बोलायचं तर न्याय खात्याने करून घेतलेल्या पाहणीत २०११ सालासाठी तशा केसेसचा अंदाज सुमारे १०५ निघाला. देशभरात, वर्षभरात.

बोकोबा

म्हणजे पाच लाख माणसं गायब नाहीत. चला, अर्धा धागा इथेच बाद.

गवाक्ष

दस्तऐवज, दुरुस्तीबद्दल आभार. बोकोबा, बाद कसला? नोंदी जितक्या नेहमीच्या कारणांच्या, तितकं टीव्हीवरचं चित्र उलटं. प्रश्न अजून टोकदार झाला.

टिकर

काकूंच्या 'पहिल्या पायरी' बद्दल. ती पायरी न्यूजरूमच्या आधी, पोलिसांच्या फॉर्मवर येते.

एनसीआयसीमध्ये नोंद करताना प्रकार निवडावा लागतो: अल्पवयीन, धोक्यात असलेली, इच्छेविरुद्ध नेलेली, अपंगत्व असलेली, आपत्तीत हरवलेली, इतर. शिवाय स्थानिक अहवालात 'रनअवे' (घरातून पळालेली) असा शेरा असू शकतो. तो एक शेरा पडला की पुढचं बरंच काही अडतं. अँबर अलर्टसाठी (पळवलेल्या मुलाबद्दल लोकांना दिला जाणारा तातडीचा इशारा) न्याय खात्याने सुचवलेले निकष बघा: मूल १७ वर्षांपर्यंतचं, अपहरण झाल्याची पोलिसांची खात्री, जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका, आणि लोकांना ओळखता येईल इतकं वर्णन, म्हणजे मूल, संशयित किंवा गाडीचं. 'पळून गेली' म्हटल्यावर अपहरणाचा निकषच गळतो. अलर्ट नाही म्हणून प्रेस नोट नाही. प्रेस नोट नाही म्हणून स्थानिक चॅनेलकडे फूटेज नाही. स्थानिक चॅनेलचं फूटेज नाही म्हणून राष्ट्रीय प्रोड्युसरला फीडमध्ये काही दिसतच नाही. सकाळी नऊच्या बैठकीत ती केस कोणी नाकारत नाही, कारण ती टेबलावर आलेलीच नसते.

या फटीसाठीच राज्यांनी वेगळे अलर्ट काढले. वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये मूलनिवासी बेपत्तांसाठी, कॅलिफोर्नियाने २०२३ पासून त्यांच्यासाठीच फेदर अलर्ट आणि १ जानेवारी २०२४ पासून १२ ते २५ वयाच्या कृष्णवर्णीय मुली-मुलांसाठी एबनी अलर्ट.

आणि फोटो. पोलिसांकडे आधीचा अटकेच्या वेळचा फोटो असेल तर घाईत तोच प्रसिद्ध होतो. पदवीदानाचा हसरा फोटो आणि पांढऱ्या भिंतीसमोरचा अटकेचा फोटो यांतला कोणता ब्लॉक उघडायला वापरतात, हे सांगायला नको.

चौकस काकू

अनुमोदन. फोटोबद्दल तर शंभर टक्के.

खडूस

इथे सगळे एकाच सुरात गातायत म्हणून जरा बेसूर होतो. टीव्हीमुळे माणसं सापडलीत.

एलिझाबेथ स्मार्ट. जून २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या घरातून रात्री पळवली. धाकट्या बहिणीला काही महिन्यांनी आठवलं की पळवणारा माणूस घरी किरकोळ काम करायला येऊन गेला होता. पोलीस त्या नावाबाबत फार उत्साही नव्हते. कुटुंबाने फेब्रुवारी २००३ मध्ये रेखाचित्र स्वतःच जाहीर केलं, 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' ने त्याचा चेहरा दाखवला, आणि १२ मार्चला रस्त्यावर लोकांनी त्याला ओळखून पोलिसांना फोन केला. मुलगी जिवंत सापडली.

पेटीटो केसमध्येही तेच. व्हॅनमधून फिरणाऱ्या एका यूट्यूबर कुटुंबाने बातमी कळल्यावर आपलं २७ ऑगस्टचं चित्रीकरण तपासलं, त्यात वायोमिंगमधल्या स्प्रेड क्रीकजवळ पेटीटोची पांढरी व्हॅन उभी दिसली. १९ सप्टेंबरला त्याच परिसरात मृतदेह सापडला. गवगवा झाला नसता तर कोणी जुना व्हिडिओ उघडून बघितला असता?

रनडाउन

खडूस, उदाहरणं बिनतोड आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूची. स्मार्ट केसमध्ये लोकांना एक चेहरा दिला. पेटीटोमध्ये एक गाडी, एक रंग, एक प्रदेश आणि तारखा. प्रेक्षकाला काय शोधायचं ते कळत होतं. (आणि 'मोस्ट वाँटेड' केबलचं चर्चासत्र नव्हतं. फॉक्सच्या ब्रॉडकास्ट नेटवर्कवरचा तो आठवड्याचा कार्यक्रम, ज्याची रचनाच चेहरा दाखवा आणि फोन नंबर द्या अशी होती.)

केबलच्या तासाभरात असा मजकूर मोजून दीड मिनिट असतो. वर्णन, शेवटचं ठिकाण, कपडे, गाडी, नंबर. उरलेला वेळ 'नवऱ्याच्या आवाजात थरथर होती का' यावर जातो. त्या दुसऱ्या भागाने तपासात घोळ होतात. टिप लाइनवर फोनांचा पूर येतो आणि त्यात 'मी टीव्हीवर बघितलं, मला तो माणूस संशयास्पद वाटतो' असे फोन भरमसाठ. प्रत्येक फोनची नोंद, क्रमांक, प्राधान्य, कोणाकडे दिला, काय निघालं हे लिहावंच लागतं, नाहीतर पुढे बचावाचा वकील नेमकी तीच न तपासलेली टिप कोर्टात काढतो. लहान शेरिफ कार्यालयात चार-पाच डिटेक्टिव्ह असतात. त्यातले दोन फोनवर बसले की शोध कोण घेणार?

शिवाय पोलीस एक-दोन तपशील मुद्दाम राखून ठेवतात, खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून. अंगठी कोणत्या बोटात होती, असलं काहीतरी. नातेवाईक भावनेच्या भरात लाइव्ह मुलाखतीत तेच बोलून जातात. मग फोन करणाऱ्या प्रत्येकाला अंगठी माहीत असते.

पानवेल

चुकीच्या दिशेचं सर्वांत मोठं उदाहरण २००१ चं आहे. चँड्रा लेव्ही ही तरुणी वॉशिंग्टन डी.सी.तून १ मेला बेपत्ता झाली. अमेरिकन काँग्रेसचे सदस्य गॅरी काँडिट यांच्याशी तिचे संबंध असल्याचं बाहेर आलं आणि कॅमेरे उन्हाळाभर त्यांच्या दाराशी तळ ठोकून. पोलीस ते संशयित नाहीत असं सांगत होते, तरी.

त्याच वेळी तपासात काय चाललं होतं ते बघा. तिच्या इमारतीतल्या कॅमेऱ्याच्या टेपा पोलिसांनी मागेपर्यंत त्यांवर नवं रेकॉर्डिंग झालेलं. तिचा लॅपटॉप पुरेसं प्रशिक्षण नसलेल्या एकाने उघडला, इंटरनेटचा इतिहास विस्कटला आणि तो सुटा करायला तज्ज्ञांना महिना लागला. त्यातून कळलं की तिने त्या सकाळी रॉक क्रीक पार्कमधल्या एका जुन्या वाड्याची माहिती शोधली होती. जुलैत पार्कात शोध झाला. रस्ते आणि पायवाटा दोन्हींपासून १०० यार्डांपर्यंत बघायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात आदेश खाली पोचेपर्यंत पायवाटा गळल्या. मे २००२ मध्ये कुत्रा घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला अवशेष सापडले, पायवाटेखालच्या उतारावर.

काँडिट यांच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही. मार्च २००२ ची प्राथमिक निवडणूक ते हरले. दुसऱ्या एका माणसाला २०१० मध्ये दोषी ठरवलं, २०१५ मध्ये तो निकाल रद्द झाला, २०१६ मध्ये आरोपही मागे घेतले. केस आजही उघडी आहे. आणि केबलचं कव्हरेज थांबलं ते ११ सप्टेंबर २००१ ला, एका सकाळीत.

गवाक्ष

पायवाटा गळल्या हे वाचून सुन्न झालो. ही गोष्ट त्या उन्हाळ्यातल्या एकाही पॅनेलला माहीत नव्हती, आणि तेवढीच कामाची होती.

बोकोबा

अवांतर: विमानाचं कोणीच काढलं नाही? एमएच ३७०, २३९ माणसं, मार्च २०१४. सीएनएनने कॅनडातल्या एका सिम्युलेटरमध्ये वार्ताहर आणि पायलट बसवून दिवसचे दिवस लाइव्ह घेतले. एका अँकरने विमान ब्लॅक होलने गिळलं असेल का असंही विचारलं. पाहुण्याचं उत्तर त्याहून भारी: छोटंसं ब्लॅक होलसुद्धा आपलं अख्खं विश्व गिळेल!

दस्तऐवज

विश्व शाबूत आहे, म्हणजे पाहुण्याचं भौतिकशास्त्रही बेपत्ता.

पण ते उदाहरण अवांतर नाही. खरी माहिती होती इनमारसॅट उपग्रहाशी विमानाच्या तासातासाच्या संपर्क-संकेतांत. त्यावरून २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी उड्डाण दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं जाहीर केलं. ते गणित तीन वाक्यांत सांगता येत नाही आणि कॉकपिट छान दिसतं. तरी सीएनएनचे आकडे त्या आठवड्यांत चढेच होते, म्हणजे रनडाउन यांचा रेटिंगचा मुद्दा गोऱ्या तरुणीशिवायही टिकतो.

चौकस काकू

टिकतो, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. विमान एकच होतं, तिथे निवड करायची नव्हती.

सुलभा_के

बराच वेळ नुसतीच वाचतेय. एक सरळ प्रश्न: अमेरिकेत खरंच कोणी बेपत्ता झालं तर घरच्यांनी टीव्हीमागे लागावं की नाही? आणि २४ तास थांबायचं असतं ना?

टिकर

सुलभाताई, २४ तास थांबायचं हे मालिकांमधून पसरलेलं आहे. १८ खालच्यांसाठी थांबायला लावणं १९९० च्या केंद्रीय कायद्यानेच बंद केलं. २००३ मध्ये मर्यादा २१ पर्यंत नेली, आणि २००६ पासून तक्रार आल्यावर दोन तासांत एनसीआयसीत नोंद करावी लागते. प्रौढांसाठीही लगेच तक्रार करता येते. ठाण्यातून निघताना केस क्रमांकासोबत एनसीआयसीत नोंद झाली का, कोणत्या प्रकारात झाली, हे विचारून लिहून घ्यायचं. 'रनअवे' लिहिलं असेल आणि औषधं, धमक्या, मागे राहिलेलं पाकीट असं काही असेल तर ते लेखी देऊन प्रकार बदलायला सांगायचं.

टीव्हीच्या आधी, पहिल्याच दिवशी, आसपासच्या दुकानांना आणि इमारतींना कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगायचं. काही ठिकाणी ते आठवड्याच्या आत पुसलं जातं. पानवेल यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. फोनचा प्लॅन बंद करायचा नाही, बिल भरत राहायचं. टूथब्रश, कंगवा, न धुतलेले कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही, ओल धरून नमुना खराब होतो. दातांच्या डॉक्टरकडून मूळ एक्स-रे मागायचे, नुसता तक्ता पुरत नाही. आई, वडील किंवा मुलं यांच्या गालाच्या आतल्या लाळेचा डीएनए नमुना देता येतो. नेमस नावाचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, त्यात घरचे स्वतः केस नोंदवू शकतात. तिथे अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी ताडून पाहतात. अप्रिय आहे, पण वर्षानुवर्षं अडलेल्या कितीतरी केसेस तिथेच सुटतात.

रनडाउन

टीव्हीमागे लागायचं, पण स्थानिक टीव्हीपासून. असाइनमेंट डेस्कला (कोणत्या बातमीवर कोण जाणार हे ठरवणारा विभाग) सकाळच्या बैठकीआधी, म्हणजे साडेआठच्या आत, एका पानाची नोट पाठवायची. पहिल्या तीन ओळींत नाव, वय, उंची, शेवटचं ठिकाण-वेळ, कपडे, गाडी, पोलिसांचा नंबर. गेल्या सहा महिन्यांतला, फिल्टर न लावलेला फोटो, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा. टॅटू किंवा व्रण असेल तर त्याचा वेगळा. दहा सेकंदांचा व्हिडिओ असेल तर सोन्याहून पिवळं, कारण माणूस चालतो-बोलतो कसं ते दिसतं आणि चॅनेलला हलतं चित्र मिळतं.

बोलायला घरातला एकच माणूस, आणि आदल्या रात्री डिटेक्टिव्हला विचारून घ्यायचं की काय बोलायचं नाही. स्वतःचा फोन नंबर पडद्यावर द्यायचा नाही. खंडणीचे आणि 'मला दृष्टान्त झाला' वाले फोन तासाभरात सुरू होतात. बक्षीस जाहीर करायचं तर कशाबद्दल, कोण ठरवणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे आधी कागदावर.

रात्रीच्या पॅनेलचं आमंत्रण आलं तर सोबत कोण आहे ते विचारायचं. २००६ मध्ये फ्लोरिडात एका बेपत्ता चिमुरड्याच्या आईला हेडलाइन न्यूजवर नॅन्सी ग्रेस यांनी फोनवरून कडक उलटतपासणीसारखं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईने आत्महत्या केली आणि मुलाखत तरीही प्रसारित झाली. पुढे पोलिसांनी त्या आईलाच प्रमुख संशयित ठरवलं. कुटुंबाने वाहिनीवर दावा लावला, तो २०१० मध्ये मिटला, मुलाच्या शोधासाठी २ लाख डॉलरचा न्यास करून. मूल सापडलेलं नाही.

खडूस

यावर बेसूर होणं जमणार नाही. पण एक विचारतो: हे सगळं नीट केलं, नोट साडेआठला पाठवली, व्हिडिओ दिला, तरी काकूंची पहिली पायरी अडली तर?

चौकस काकू

तर तेच होतं जे वायोमिंगमध्ये झालं. पेटीटोचा मृतदेह सापडला त्या राज्याचा अहवाल त्याच वर्षी जानेवारीत आला होता: २०११ ते २०२० मध्ये ७१० मूलनिवासी व्यक्तींच्या बेपत्ता झाल्याच्या तक्रारी. सप्टेंबरात राष्ट्रीय वाहिन्यांचे ट्रक तिथे पोचले, तेव्हा काही वार्ताहरांनी तो आकडा पट्टीवर घेतला. दोन-तीन दिवस चालला.

अशा वेळी ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन (२००८ पासून) सारख्या संस्था नोट लिहिण्यापासून स्थानिक डेस्कला गाठण्यापर्यंत मदत करतात. पत्ता विचारायला थांबू नये, केस क्रमांक हातात आला की लगेच त्यांना कळवावं.

सुलभा_के

टिकर आणि रनडाउन यांचे शेवटचे दोन प्रतिसाद कोणीतरी वेगळे करून वर चिकटवा ना. इतक्या लांब धाग्यात कोणाला सापडणार?

बोकोबा

संपादक मंडळाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. उत्तर आलेलं नाही. २४ तास थांबत नाहीये.